न वाटता येणारे पाच टक्के

'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संगणकाच्या जगात मात्र तिला एक मर्यादा आहे. ती जीन अॅमडाल यांनी १९६७ साली दाखवून दिली.

समजा, एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग अनेक प्रोसेसरांत वाटता येतो, पण उरलेला ५ टक्के एकामागून एकच करावा लागतो. मग ६४ प्रोसेसर लावले तर वेग सुमारे १५ पट होतो, १०२४ लावले तर साडेएकोणीस पट. लाखो लावले तरी २० पटींची रेषा ओलांडता येत नाही. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात एका प्रोसेसरने सामायिक मेमरीतला आकडा बदलला की इतरांकडच्या जुन्या प्रती बाद कराव्या लागतात, कुलूप उघडेपर्यंत थांबावं लागतं. एका टप्प्यानंतर नवा प्रोसेसर हातभार लावण्याऐवजी नुसती गर्दी वाढवतो.

१९८८ साली जॉन गुस्ताफसन यांनी याला उत्तर दिलं. यंत्र मोठं झालं की माणसं प्रश्नही मोठा घेतात. मग न वाटता येणाऱ्या भागाचं प्रमाण घटतं. १०२४ प्रोसेसरांवर त्यांच्या गटाने हजारपटीहून जास्त वेग मिळवून दाखवला. उत्तर खरंच आहे. पण प्रमाण घटलं तरी तो भाग नाहीसा होत नाही. आणि प्रत्येक प्रश्न मोठा करता येत नाही.

वडिलांच्या शेवटच्या आजारात आम्ही चार भावंडांनी सगळं वाटून घेतलं होतं. रात्रीच्या पाळ्या, डबे, औषधं, पैसे. मग एका पहाटे डॉक्टरांनी विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का? आम्ही तिघं ताईला म्हणालो, "तू म्हणशील तसं." ताई नको म्हणाली.

तेव्हा मला तो आमचा समंजसपणा वाटला होता. वर्षश्राद्धाला धाकटा म्हणाला, "ताईने जरा घाईच केली." ताई ताटं वाढत होती. मी ऐकलं आणि गप्प बसलो.

थांबलेल्या प्रोसेसरावर कसलंही ऋण नसतं. त्याची पाळी आली की तो कामाला लागतो. माणसाचं तसं नाही. निर्णय एकानेच उच्चारावा लागतो, हे मान्य. पण उच्चारणं एकाचं असलं म्हणून उत्तरदायित्व एकाचं होत नाही. आणि त्याचे चार भाग करून प्रत्येकाच्या वाट्याला पाव येतं, असंही नाही. भाकरी वाटली की कमी होते. जबाबदारी चौघांनी घेतली तरी प्रत्येकाकडे ती पूर्णच असते. "तू म्हणशील तसं" म्हणताना आम्ही तिला मान देत नव्हतो, स्वतःची सुटका करून घेत होतो.

गेल्या महिन्यात मी ताईला फोन केला. म्हणालो, "त्या पहाटे नको म्हणणारा मीही होतो." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे त्या दिवशी ताटावर म्हणायला हवं होतंस."