माळेवरची शपथ आणि पापातला सोबती



दोघांनी मिळून एक वाईट काम केले. कुणाला सांगायचे नाही, असे गळ्यातल्या माळेला हात लावून ठरवले. पुढे एकाला मन खाऊ लागले. बोलावे तर सोबत्याचा घात, गप्प राहावे तर ज्याचे नुकसान झाले त्याचा घात. त्याने काय करावे? नागपुरात आणि धापेवाड्याच्या यात्रेत कीर्तन आटोपल्यावर हा प्रश्न हळू आवाजात विचारणारे मला भेटत आले आहेत. चारचौघांत तो कुणी विचारत नाही, म्हणून उत्तर इथे लिहितो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. दिलेला शब्द पाळणे हा धर्म. दुर्योधनाची बाजू अधर्माची आहे हे ठाऊक असूनही कर्णाने त्याला सोडले नाही, आणि लोक आजही कर्णासाठी हळहळतात. उलट विभीषण रामाकडे गेला, तरी घरभेदी हा शिक्का त्याच्या कपाळावरून गेला नाही. मग चोराला दिलेला का होईना, शब्द तो शब्दच. असे कुणी म्हटले तर काय सांगावे?

पुण्याचा दृष्टांत घेऊ. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना जोशी-अभ्यंकर खून खटला आठवत असेल. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह ही चित्रकला शिकणारी पोरे. जानेवारी 1976 मध्ये त्यांनी आपल्याच एका वर्गमित्राला सोबत नेले, घर सोडून जात असल्याची चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घेतली आणि त्याला मारले. त्या कृत्यात आणखी एक वर्गमित्र त्यांच्याबरोबर होता. तो गप्प राहिला. 31 ऑक्टोबरला जोशी कुटुंबातले तिघे गेले. 1 डिसेंबरला संस्कृत व्याकरणाचे गाढे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्या घरातले पाच जण गेले. मार्च 1977 मध्ये आणखी एक तरुण गेला. एकूण दहा जीव. पुढे तोच वर्गमित्र माफीचा साक्षीदार झाला आणि न्यायालयात बोलला. चौघांना 1978 साली फाशीची शिक्षा झाली, ती 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात अमलात आली.

आता सांगा माउली, विश्वासघात कधी झाला? साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा? नाही. वर्गमित्र म्हणून ज्याला हाक मारली आणि जो त्या हाकेवर भरवसा ठेवून आला, त्याला मारले तेव्हाच झाला. मैत्रीचीच सुरी करणाऱ्याला पुढे ‘मित्राने दगा दिला’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. पहिल्या खुनानंतर तोंड उघडले असते, तर पुढचे नऊ जीव वाचू शकले असते. ते मौन भीतीने पाळलेले असो वा दोस्तीने, त्याची किंमत भलत्यांनीच मोजली. एक कामवाली बाईही त्यात गेली. तिने कुणाला कसला शब्द दिला होता?

इथे सिद्धांत उभा राहतो. शब्द देणे म्हणजे आपले काही दुसऱ्याला देणे. जे आपले नाही ते देता येत नाही. शेजाऱ्याच्या वावराचे खरेदीखत मी करून दिले तर ते जसे रद्द, तसेच हे. ज्याचे नुकसान झाले त्याचे सत्यावर देणे लागते. ते सोबत्याला बहाल करण्याचा हक्क मला नव्हताच. आणि माळ? ती विठ्ठलाच्या साक्षीने खरे वागायला घातली. खोटे झाकायला तिच्यावर घेतलेली शपथ ही शपथच नव्हे. ती मोडल्याने माळ विटाळत नाही, घेतली तेव्हा विटाळली होती.

मग माफीचा साक्षीदार पुण्यवान का? तसेही नाही. कायदासुद्धा त्याला जपूनच वापरतो. सगळे आणि खरे सांगशील, या अटीवरच त्याला माफी मिळते. काही दडवले तर ती जाऊ शकते. शिवाय त्याच्या बोलण्याला दुसरा आधार मिळाल्याशिवाय न्यायालय सहसा विसंबत नाही. आपल्या मानेसाठी बोललेले सत्य खरे असते, पण त्याचे पुण्य थोडे. विभीषणाचा फरक इथेच आहे. त्याने रावणाला भर सभेत, तोंडावर सांगितले की सीता परत कर. अपमान सोसला, आणि मग उघडपणे निघाला. तो हरणारी बाजू पाहून पळाला नाही. लंका तेव्हा अजिंक्य मानली जात होती.

अशी सोबत टिकतही नाही. आदिपर्वातले सुंद-उपसुंद आठवा. दोघे भाऊ, एका ताटात जेवणारे, एकमेकांवाचून कुणाच्या हातून न मरणारे. तिलोत्तमा समोर आली आणि दोघांनी एकमेकांच्याच गदेने प्राण सोडले. लोभाने बांधलेली गाठ त्याहून मोठा लोभ दिसला की सुटते.

खून तुमच्या-माझ्या वाट्याला येत नाही. पण दोघा भावांनी रात्री धुऱ्याचा दगड सरकवला, बहिणीचे नाव सातबाऱ्यावर येऊ दिले नाही, दोघा भागीदारांनी कापसाच्या काट्यात मापे मारली, हे येते. अशा गाठीत कुणी अडकला असेल, तर त्याने क्रम पाळावा. आधी सोबत्याला तोंडावर सांगावे: मी थांबलो, तूही थांब, घेतलेले परत करू. त्याला एक संधी द्यावी. पण तेवढ्यात कुणाच्या जिवाला धोका असेल तर ती वाट पाहू नये. सांगताना आपला वाटा पहिल्यांदा आणि पूर्ण सांगावा, सगळे खापर त्याच्या माथी फोडू नये. आणि शिक्षा झाली तर त्याच्या लेकरांची चूल पेटते का, हे पाहावे. सोबत्याचे जे खरे देणे लागतो ते इतकेच आहे. मौन त्यात येत नाही.

हे लवकर करावे. जानेवारीत बोललेला एक शब्द पुढच्या मार्चपर्यंतचे घाव अडवू शकतो.