वरचा रंग आणि आतील गंज



बंगळूरचे जयनगर १९४८ साली वसवण्यास आरंभ झाला. रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडे, आणि मोठ्या रस्त्यास ‘मेन’ व त्याला छेदणाऱ्या रस्त्यास ‘क्रॉस’ म्हणण्याची त्या शहराची रीत. ख्रिस्ती माणसाला तेथे स्वतःचा पत्ता लिहितानाही वधस्तंभ आठवावा, हे जाता जाता सांगितले. ती घरे उभी राहिली तेव्हा घरोघरी मोटार नव्हती. आज एकेका घरापुढे दोन-दोन गाड्या असतात, आणि फाटकासमोरच्या जागेवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत तंटे होतात. अशा तंट्यानंतर एखाद्या सकाळी गाडीच्या दारावर कोणी किल्लीने ओढलेला हातभर ओरखडा दिसला, तर मालकाला काय वाटेल ते सांगावयास नको.

असा ओरखडा घरी दुरुस्त करता येतो. मात्र तो किती खोल आहे हे आधी पाहावे लागते. त्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही तर केवळ वरचा पारदर्शक लेप खरचटला आहे, पॉलिशने भागेल. नख अडकले आणि आत पत्रा चमकला, तर गोष्ट निराळी. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर अस्तर, मग रंग, मग पारदर्शक लेप, असे चार थर असतात. आणि ते सारे मिळून सामान्यतः एक दशांश मिलिमीटरहून थोडेच जाड भरतात. एवढ्याशा आवरणाखाली लोखंड सुरक्षित असते. ते फाटले की पावसाचे पाणी व हवा आत शिरतात, आणि गंज ओरखड्यापुरता न थांबता शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या रंगाखालीही सरकत जातो.

येथेच पुष्कळांची घाई होते. दुकानातून रंगाची लहान बाटली आणावयाची, ब्रशाने रेघ भरावयाची, आणि झाले! पहिला पाऊस जाईपर्यंत ते बरे दिसते. नंतर तेथे फोड येतो, रंगाचा पापुद्रा सुटतो, आणि जखम पहिल्याहून मोठी निघते. खरे काम उलट्या दिशेने सुरू होते. जागा धुऊन तिच्यावरील तेल व मेण काढावे लागते. मग काचकागदाने गंज पार निघेपर्यंत आणि कडांचा रंग उतरता होईपर्यंत घासावे लागते. म्हणजे ओरखड्याभोवतीचा धडधाकट रंगही थोडा खरवडावा लागतो. गाडी आधीपेक्षा वाईट दिसू लागते, आणि नेमका तेव्हाच माणसाचा धीर सुटतो. त्यानंतर खळग्यात लांबी भरून ती सपाट घासणे, मग अस्तर, मग गाडीच्या पट्टीवर दिलेल्या क्रमांकाप्रमाणे जुळवलेला रंग, आणि शेवटी पारदर्शक लेप. प्रत्येक हात पातळ द्यावा आणि सुकू द्यावा. जाड दिला की ओघळ येतात. जयनगरच्या झाडांखाली हे काम करू नये, कारण ओल्या रंगावर पानाफुलांचा कचरा पडतो. दमट दिवसही टाळावा, नाहीतर लेपावर पांढुरकी झाक येते.

लेवीयाच्या पुस्तकातील चौदावा अध्याय आपण क्वचितच वाचतो. घराच्या भिंतीवर चट्टा पडला तर काय करावे, हे तेथे सांगितले आहे. घरधन्याने स्वतः जाऊन याजकाला कळवावयाचे. याजकाने चट्टा भिंतीत खोल गेला आहे काय हे पाहून घर सात दिवस बंद ठेवावयाचे. तो पसरला असेल तर डागी दगड काढावयाचे, आणि सगळे घर आतून खरवडून मगच नवा गिलावा करावयाचा. चट्ट्यावर चुना फासण्याची सवलत तेथे कोणालाही नाही. पुढे यिर्मयाने आपल्या काळच्या धर्मगुरूंना दोष दिला तो हाच, की लोकांची जखम त्यांनी वरवर बरी केली आणि शांती नसताना शांतीचा पुकारा केला.

आपल्या मंडळ्यांतही हे घडते, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. दोन भावांत जमिनीवरून वितुष्ट येते. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी वडीलधारी मंडळी त्यांना हस्तांदोलन करावयास लावतात, प्रार्थना होते, चहा होतो. कोणी कोणाचे काय घेतले, याची चौकशी कोणी करीत नाही. ती केली तर गोष्टी अधिक विद्रूप दिसतील, ही भीती असते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच, तू क्षमा करीत नाहीस, असे सुनावले जाते. लेवीयाच्याच सहाव्या अध्यायात अपहार करणाऱ्याला मूळ वस्तू परत करून तिचा पाचवा हिस्सा वर द्यावयास सांगितले आहे, आणि दोषार्पण त्यानंतर. भरपाई आधी, वेदी मागाहून, हा क्रम आपण सोयीने विसरलो आहोत.

प्रत्येक ओरखडा घरी दुरुस्त होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पत्रा आरपार कुजला असेल तर कारागिराकडेच जावे लागते. ज्या घरात मारहाण आहे, व्यसन आहे, तेथे चार भिंतींतच मिटवा असा सल्ला देऊ नये. लेवीयातील घरधनीही भिंतीकडे पाहत घरात बसून राहिला नव्हता.

आणि काम उत्तम झाले तरी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मालकाच्या डोळ्यांना ती जागा ओळखू येते. शेजाऱ्याला कदाचित येणार नाही. पुनरुत्थित प्रभूने थोमाला आपले हात दाखवले, तेव्हा खिळ्यांच्या खुणा तेथे होत्याच. त्या लपवण्यासाठी त्याने काही केले नव्हते. उलट, थोमाने बोट घालून पाहावे म्हणून हात पुढे केला.