स्वतःशी केलेला करार

व्यायाम हितकारक आहे की नाही, हा आता वादाचा विषय उरलेला नाही. व्यायामाने शरीराला हलकेपणा, कामाची शक्ती, स्थैर्य आणि क्लेश सोसण्याचे बळ येते, असे चरकसंहितेने सांगून ठेवले आहे. आणि प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली केली आहे. प्राचीन व अर्वाचीन अशा दोन्ही साक्षीदारांची जबानी एकच आहे, उलटतपासणीस कोणी पुढे येत नाही, दावा केव्हाच शाबीत झालेला आहे. तरीही हुकूमनाम्याची बजावणी मात्र होत नाही. पाडव्याला केलेला संकल्प महिना-दीड महिन्यात ओसरतो, आणि हौसेने घेतलेले बूट दाराआड धूळ खात पडतात. कारण विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : उत्साह टिकत नाही. हे उत्तर कितपत खरे आहे, हे येथे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

कळते पण वळत नाही, हे माणसाचे जुने दुखणे आहे. इच्छा नसतानाही कोणी बळेच ढकलावे तसा माणूस वाईटाकडे का ओढला जातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो. जाणूनबुजून कोणी आपले अहित करीतच नाही, जो करतो त्याला खरे ज्ञान झालेले नसते, असे सॉक्रेटिसाचे म्हणणे. ॲरिस्टॉटलाला ते पुरते पटले नाही; ज्ञान असूनही घसरणाऱ्या माणसाच्या विचारासाठी त्याने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या भागात पुष्कळ जागा खर्ची घातली आहे. परंतु व्यायाम चुकविणाऱ्याचा प्रकार याहून थोडा निराळा आहे. अर्जुनाला उत्तर मिळाले ते काम आणि क्रोध यांचे. पहाटे पांघरुणात कूस बदलणाऱ्या गृहस्थाच्या ठायी काम नाही आणि क्रोधही नाही. तो एक शांत हिशेब करीत असतो : आज एक दिवस चुकला म्हणून काही बिघडत नाही. आणि पंचाईत अशी, की हा हिशेब बरोबर असतो! एका दिवसाच्या खाड्याने कोणी आजारी पडत नाही. उद्याही हाच युक्तिवाद तितकाच खरा असतो आणि परवाही. प्रत्येक दिवसाचा निवाडा बिनचूक, आणि वीस वर्षांचा एकंदर निवाडा मात्र सपशेल चुकलेला, असे हे विलक्षण प्रकरण आहे.

यावर संकल्प हा उपाय सांगतात. संकल्प म्हणजे स्वतःशी केलेला करार. आता, १८७२ च्या करारविषयक कायद्याची तोंडओळख असलेल्या कोणालाही येथे शंका यावी. कराराला दोन पक्ष लागतात. एकाने वचन द्यावयाचे, दुसऱ्याने घ्यावयाचे. वचन घेणाऱ्याने मनात आणले तर देणाऱ्याला मोकळे करता येते. मग देणारा व घेणारा एकच असेल तर? इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये हा पेच राजसत्तेच्या संदर्भात उकलला आहे : जो बांधू शकतो तो सोडूही शकतो, तेव्हा केवळ स्वतःशी बांधलेला मनुष्य बांधलेलाच नसतो. पहाटेच्या त्या न्यायालयात वादी आपण, प्रतिवादी आपण, वकील आपण आणि न्यायाधीशही आपणच. तेथे ‘उद्यापासून’ असा तहकुबीचा अर्ज येतो, प्रतिपक्षाची हरकत नसते, आणि तारीख पडते. असा दावा वर्षानुवर्षे तुंबून राहिला तर त्यात नवल ते काय?

पैसा भरला म्हणजे बंधन येईल, अशी काहींची समजूत असते. अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या सभासदांची हजेरी तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरांहून अधिक ठोक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत. म्हणजे एका खेपेस त्यांना सतरा डॉलरांहून अधिक पडत, आणि तेथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेस दहा डॉलरच पडते. पुढल्या महिन्यातील आपल्या उत्साहाचा अंदाज माणूस फुगवून करतो, असा याचा अर्थ. व्यायामशाळेशी केलेला करार कायदेशीर खरा. पण तो पैसे भरण्याचा करार असतो, येण्याचा नव्हे. न येणाऱ्याविरुद्ध कोणाची फिर्याद नसते.

आमच्या जुन्या तालमींना हे मर्म ठाऊक होते. बडोद्याच्या वाचकांना जुम्मादादा व्यायाममंदिराची आठवण करून देण्याचे कारण नाही. मुसलमान उस्तादाचे नाव त्याच्या हिंदू शिष्याने, प्रोफेसर माणिकरावांनी, सन्मानाने मिरविले आणि सांघिक व्यायामाची शिस्त तेथे रुजविली. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. या परंपरेत ‘आज मन लागते आहे काय’ असा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नसे. तालमीत पाऊल टाकताना मातीला हात लावून तो कपाळी न्यावयाचा, मारुतीला नमस्कार करावयाचा, वस्तादाच्या नजरेखालून जावयाचे, आणि जोड ठरलेली असली तर तो गडी लांग कसून वाट पाहत उभा. म्हणजे स्वतःशी केलेल्या दुबळ्या करारात येथे एकदम तीन-चार पक्ष सामील झाले! आता खाडा केला तर तो केवळ स्वतःचा राहत नाही. दुसऱ्याच्या जोडीचाही होतो. सोबतीचे सामर्थ्य गोडीत असते तसे ते या तक्रार करण्याच्या अधिकारातही असते.

मग सक्तीच का करू नये? औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि स्वतः नित्यनेमाने ते घालीत म्हणून त्या सक्तीला नैतिक वजनही होते. तथापि सक्तीला एक मर्यादा असते : शाळा सुटली की ती संपते. बाहेरचा नियम आतला नेम कसा व्हावा, हा प्रश्न उरतोच.

येथे एक दूरचा दाखला घेऊ. जेरेमी मॉरिस या इंग्रज डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. चालक नोकरीस लागतानाच अधिक स्थूल असत, हेही त्याच मंडळींनी गणवेशांच्या मापांवरून पुढे दाखविले, तेव्हा सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही. पण पुढील संशोधनाने श्रमाचा लाभ खराच ठरविला आहे. आमचे लक्ष वेधते ते दुसऱ्याच गोष्टीकडे. त्या वाहकांपैकी कोणी स्फूर्तिदायक व्याख्याने ऐकली नव्हती. तिकिटे द्यावयाची तर वर जाणे भाग होते, एवढेच. त्यांचा व्यायाम उत्साहावर उभा नव्हता, कामाच्या मांडणीवर उभा होता.

कोणी म्हणेल, यात मग माणसाची थोरवी ती कोणती? जिन्याने चढविले, तो चढला! आमचे उत्तर असे, की पुरुषार्थ रोज पहाटे नव्याने मनाशी झुंजण्यात नाही. तशी झुंज रोज पडणार नाही अशी व्यवस्था एकदा लावण्यात आहे. वेळ ठरविणे, वाट ठरविणे, सोबती गाठणे, आदल्या रात्री कपडे काढून ठेवणे ही क्षुल्लक दिसणारी कामेच खरी नैतिक कृत्ये होत. न्यायाची कृत्ये करून माणूस न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटल मानतो. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो, असा पतंजलीचा अभिप्राय. दोघांनीही क्रम उलटा लावलेला नाही. आधी कृती, मग वृत्ती. उत्साह हे बियाणे नव्हे, ते पीक आहे.

किंबहुना पहिल्या दिवसाचा उत्साह हा नेमाचा वैरीच म्हटला पाहिजे. पहिल्या पहाटे शंभर नमस्कार घालणारा तिसऱ्या दिवशी अंग धरून बसतो. सुश्रुताने व्यायामाची सीमा अर्ध्या शक्तीची सांगितली आहे. शक्ती उरली असतानाच थांबावे, हा उपदेश शरीराच्या रक्षणासाठी आहे हे खरे. पण मनालाही तो तितकाच लागू पडतो. आज थोडी भूक राखून उठलेला मनुष्य उद्या पानावर हौसेने बसतो.

आता खाड्याचा विचार करू, कारण नेम मोडतात ते बहुधा खाड्याने नव्हे, खाड्याच्या भीतीने. आजारपण येते, पाहुणे येतात, प्रवास घडतो. चार दिवस चुकतात आणि ‘आता मोडलेच’ म्हणून माणूस उरलेले वर्ष सोडून देतो. येथे १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यातील शहाणपण उपयोगी पडते. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याची वहिवाट उघडपणे, शांतपणे, हक्काच्या नात्याने आणि अखंडपणे वीस वर्षे चालली, तर तिचा हक्क होतो. पण ‘अखंड’ म्हणजे काय? कोणी वाट अडविली एवढ्याने कायदा खंड मानीत नाही. अडथळ्याची व तो करणाऱ्याची माहिती होऊनही वहिवाटदार वर्षभर मुकाट्याने तो सोसत राहिला, तरच खंड धरला जातो. म्हणजे वहिवाट अडथळ्याने तुटत नाही. अडथळ्याला दिलेल्या मूक संमतीने तुटते. लंडनमधील एका संशोधनात, जे २०१० साली छापून आले, ९६ जणांच्या नव्या सवयी कशा मुरतात ते पाहिले गेले. मध्यम काल ६६ दिवसांचा निघाला, पण व्यक्तिपरत्वे तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय मुरण्यात म्हणण्यासारखी बाधा आली नाही. कायदेपंडितांना जे जमिनीच्या बाबतीत सुचले, तेच मनाच्या बाबतीतही खरे ठरावे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड : हा नेम पाळावयाचा कोणासाठी? स्वतःसंबंधीच्या कर्तव्यातील तोच पेच जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली मांडला आणि माणसाकडे दोन दृष्टींनी पाहून तो सोडविला. आम्हांस विश्वस्ताची कल्पना अधिक जवळची वाटते. हे शरीर आपल्या ताब्यात आहे, पण त्याचे लाभधारक आपण एकटे नाही. वीस वर्षांनंतर जिन्याचा कठडा धरून उभा राहणारा एक वृद्ध त्यात आहे. त्याला हात देऊन उठविणारी सून किंवा मुलगा आहे. त्यांच्या वतीने आज कोणी उभा राहत नाही, म्हणूनच विश्वस्ताने जागे राहावयाचे. मात्र या न्यायाने आजाऱ्याला दोष देऊ नये. नेम पाळूनही रोग येतात. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला व्यायामाचा उपदेश करणे हीदेखील क्रूर थट्टाच होय.

आणि एक लाभधारक आमच्या घरातच उपेक्षित राहतो. पहाटे फिरावयास जाणाऱ्या गृहस्थाच्या नियमितपणाचे कौतुक होते. तो परतताच हाती येणारा चहा कोणीतरी त्याच्याही आधी उठून केलेला असतो. त्या गृहिणीला ‘तू का जात नाहीस’ असे विचारले जाते, आणि तिच्या उत्तराला उत्साहाचा अभाव असे नाव मिळते. तिच्याजवळ उणीव असते ती मनोबलाची नव्हे, स्वतःच्या मालकीच्या एका तासाची. तो तास तिला तिच्या संकल्पाने मिळणार नाही; घरातील इतरांनी काम उचलले तरच मिळेल. ज्याचा नेम दुसऱ्याच्या श्रमावर चालतो, त्याच्यावर तेवढे ऋण चढलेलेच आहे.

तेव्हा उत्साह टिकत नाही, ही तक्रार खरी असली तरी गौण आहे. उत्साहाकडून कोणतेही मोठे काम दीर्घकाळ झालेले नाही. ते वेळेने, सोबतीने आणि वहिवाटीने होते. स्वतःशी केलेला करार एकट्याने पाळता येत नाही. त्यात कोणीतरी दुसरा पक्ष घ्यावा. आणि ज्या घरात आपण राहतो तेथे, दुसऱ्याच्या करारातला तो पक्ष आपण स्वतः व्हावे.