मालकाला सुट्टी कोण देणार?

अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यातल्या गावांत बेने इस्रायल समाजाला पूर्वी ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावणारे, घरीदारी मराठी बोलणारे हे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आजूबाजूचे हिंदू तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी बैल जुंपत नसत. ते ‘सोमवार तेली’. स्वतःचा छोटा धंदा चालवणाऱ्याने काम आणि घर यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नावर बरेच काही लिहिले-बोलले जाते. त्याचे सर्वांत खरे उत्तर मला या शनवार तेल्यांकडे दिसते. घाणा त्यांचा स्वतःचा होता, बैल त्यांचा होता. शनिवारी बैल जुंपला म्हणून दंड करणारा कोणी अधिकारी गावात नव्हता. तीळ किंवा खोबरे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात तोटा त्यांचाच होता. तरी घाणा बंद राहिला आणि इतक्या नेमाने बंद राहिला की त्या बंद दिवसावरूनच गाव त्यांना ओळखू लागले.

नोकरदाराच्या कामाची हद्द दुसऱ्या कोणीतरी ठरवलेली असते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली आणि १८९० साली गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्या मागणीशी जोडलेला होता. त्या लढ्यात सुट्टी मागणारी एक बाजू होती आणि नाकारणारी दुसरी. पण स्वतःचे किराणा दुकान, शिलाईकाम, गॅरेज किंवा खानावळ चालवणाऱ्याच्या बाबतीत या दोन्ही बाजू एकाच डोक्यात नांदतात. मागणाराही तोच, नाकारणाराही तोच. आणि नाकारणारा बहुतेक वेळा जिंकतो, कारण त्याच्याजवळ कारणे तयार असतात. लग्नसराई आहे, बँकेचा हप्ता आहे, उधारीची वसुली राहिली आहे, समोरच्या गाळ्यात दुसऱ्याने तसेच दुकान थाटले आहे. यातले एकही कारण खोटे नसते, म्हणूनच ती इतकी भारी पडतात. वेळेचे नियोजन, वही, मोबाइलवरचा गजर हे उपाय इथे तोकडे पडतात, कारण ते सगळे त्याच माणसाच्या हाती असतात. फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश एकच असेल तर निकाल काय लागणार?

आपल्या परंपरेने धंद्याला हलके लेखले असते तर गोष्ट सोपी झाली असती. पण अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे. कौटिल्य तर अर्थालाच मुख्य मानतो. धर्म आणि काम अर्थावर उभे आहेत असे तो स्पष्ट म्हणतो. त्याच प्रकरणात तो असेही बजावतो की या तिघांपैकी एकाचे अतिसेवन केले तर ते स्वतःलाही पीडते आणि उरलेल्या दोघांनाही. यातल्या ‘स्वतःलाही’ या भागाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. अतिरेकाने घराचे नुकसान होते हे सगळे जाणतात; अतिरेकाने धंद्याचेच नुकसान होते, हे अर्थाला सर्वोच्च मानणारा माणूस सांगतो आहे. तो राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडतो आणि त्यांत स्नान, भोजन, स्वाध्याय, झोप यांच्या जागा ठरवून देतो. ज्याच्या वर कोणीच नाही त्या राजालाही वेळ आखून द्यावी लागते, नव्हे, त्यालाच ती आखून द्यावी लागते. गीतेचा सहावा अध्याय हेच वेगळ्या वाटेने सांगतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, झोप यांच्या जोडीला तिथे कर्मही मापात ठेवायला सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायातला फळाची आशा न धरण्याचा उपदेश दुकानादुकानांत भिंतीवर लावलेला दिसतो. सहाव्या अध्यायातले हे माप मात्र भिंतीवर कोणी लावत नाही.

हद्द बाहेरून यायला हवी आणि मालकाच्या वर तर बाहेरचे कोणी नाही, ही खरी अडचण आहे. इथेच प्रश्न धर्माच्या प्रांतात शिरतो. नेम एकदा धरला की तो रोज नव्याने ठरवावा लागत नाही. एकादशी करणारा दर पंधरवड्याला सकाळी उठून आजचा उपास परवडेल का, असा हिशेब मांडत बसत नाही. तिथी येते आणि उपास घडतो. निर्णयाचा भार माणसाच्या खांद्यावरून उतरून दिनदर्शिकेवर जातो. बायबलच्या जुन्या करारात, ‘अनुवाद’ या पुस्तकात, शब्बाथ, म्हणजे शनवार तेल्यांचा तो बंद दिवस, पाळण्याचे जे कारण दिले आहे ते मला फार महत्त्वाचे वाटते. तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे लक्षात ठेवा, म्हणून हा दिवस पाळा, असे तिथे सांगितले आहे. थांबणे गुलामाच्या हातात नसते. म्हणजे सातव्या दिवशी हात थांबवू शकणे हा आपण कोणाचे बांधील नाही याचा दर आठवड्याला दिलेला पुरावा ठरतो. नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढणारी माणसे बहुधा हेच सांगतात की आम्हाला कोणाची ताबेदारी नको होती. मग जे शटर आठवड्यातून एक दिवस खाली ओढता येत नाही, त्या शटरची ताबेदारी कोणती म्हणायची? देव न मानणाऱ्याला हे लागू नाही, असे कोणी म्हणेल. माझ्या मते त्यालाही ते लागू आहे. त्यालाही असे काहीतरी हवे ज्यावर तो घासाघीस करणार नाही, मग ते मुलांना दिलेले वचन असो की भागीदाराशी केलेला करार. एवढे मात्र मान्य करायला हवे की देवाच्या नावाने धरलेला नेम आजूबाजूचेही पाळतात किंवा निदान मानतात, आणि एकट्याच्या वचनाला ते बळ नसते.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्या भक्तीच्या परंपरेतूनच येतो. काम हीच पूजा, तर पूजेला सुट्टी कसली? अरणच्या सावता माळ्यांना आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटला, ते पंढरीला गेले नाहीत, उलट आजही पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ही याच बाजूने साक्षीला काढले जाते. मला हा अर्थ अर्धा वाटतो. टिळकांचा कर्मयोग लोकसंग्रहासाठी आहे. कालच्यापेक्षा आज गल्ला जास्त भरावा यासाठी केलेल्या धावपळीला ते नाव देता येणार नाही. सावतोबांना मळ्यात देव दिसला, आणि मळ्याला हंगाम असतो, अंधार पडला की मोट थांबते. त्यांच्या शेजारी याच परंपरेने आणखी एका कारागिराची कथा जपून ठेवली आहे. तेरचे गोरोबा काका अंगणात चिखल तुडवत होते. बायको मूल त्यांच्याजवळ सोडून पाण्याला गेली होती. डोळे मिटलेले, ओठांवर नाम, पाय एका लयीत पडताहेत आणि रांगत आलेले मूल त्या चिखलात आले. गोरोबांना कळलेही नाही. पुढे विठ्ठलाने मूल परत दिले, ही कथेची सांगता आपण प्रेमाने सांगतो. पण मधला प्रसंग संतचरित्रकारांनी गाळला नाही, पाणी घेऊन परतलेल्या आईचा आक्रोशही गाळला नाही. कामही खरे होते, भक्तीही खरी होती, तरी पायाखाली मूल आले. ज्या अंगणात कारखाना तेच अंगण मुलाच्या रांगण्याचे, हा त्या घराचा पेच होता. छोट्या धंद्यातल्या कुठल्याही घराला तो परका वाटणार नाही.

यावर आधुनिक अर्थशास्त्राचा उपाय घर आणि धंदा वेगळे करण्याचा आहे. माक्स वेबरने तर कुटुंबापासून व्यवसाय अलग होणे हेच आधुनिक भांडवलशाहीचे एक मुख्य लक्षण मानले. ज्याला जागेने वेगळे होणे परवडते त्याने जरूर व्हावे. पण कुंभाराचे अंगण, शिंप्याची ओसरी, खालच्या मजल्यावर दुकान आणि वर बिऱ्हाड असलेले घर यांना ते जमत नाही. आता तर हातातल्या फोनवर ऑर्डरी येऊ लागल्यापासून जागेची भिंत कोणालाच पुरत नाही. जे जागेने वेगळे करता येत नाही ते वाराने आणि वेळेने वेगळे करावे लागते. पुण्यातली दुकाने दुपारी बंद असतात यावर महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या हसत आला आहे. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. घरी जाऊन घरच्यांबरोबर बसून जेवायचे, ही बाब गिऱ्हाइकाच्या सोयीपेक्षा वर ठेवणारा दुकानदार कौटिल्याला नक्की पटला असता.

मर्यादेचा भार कोणावर पडतो, हा यापेक्षा कठोर प्रश्न आहे. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेले, धंदा बसला. नंतर त्यांनी कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी खतांची वाटणी केली आणि अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, हे तितकेसे आठवले जात नाही. बुडवली ती आपली अर्धी. स्वतःच्या विरक्तीची किंमत भावाच्या संसाराकडून वसूल करायची नाही, एवढे भान त्या क्षणीही होते. पत्नीच्या बाबतीत मात्र तशी वाटणी झाली नाही. जिजाईंना, म्हणजे आवलीला, कथाकीर्तनातून कजाग म्हणून रंगवले गेले. भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढणारी ती बाई विचारत होती ते इतकेच, की पोरांनी खायचे काय. या प्रश्नाला भक्तीचा विरोध समजणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. धार्मिक मर्यादांनी पुरुषाला, नोकराला, अगदी पोळ्याला बैलालाही विसावा दिला, पण सणाच्या दिवशी घरच्या बाईचे काम वाढलेच. ज्यांचा धंदाच स्वयंपाकाचा आहे त्यांची स्थिती तर आणखी बिकट. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. त्या बायकांची चूल हाच कारखाना होता आणि तीच घरची चूल. म्हणून जी मर्यादा चुलीपर्यंत पोचत नाही ती मला अपुरी वाटते. शब्बाथला आग पेटवायची नसते, जेवण आदल्या दिवशीच तयार होते. आपल्याकडेही नागपंचमीला चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, नांगर धरायचा नाही, हे नियम आहेत. पण त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडावी लागतातच. हे नियम विळीपर्यंत पोचले, चूल विझवण्यापर्यंत गेले नाहीत. आजच्या छोट्या धंद्याने नेम धरताना सुरुवात तिथून करायला हवी.

शेवटी पोटाचा प्रश्न उरतो. हातावर पोट असलेल्याने दुकान बंद ठेवले तर त्या दिवशीचे गिऱ्हाईक शेजारी जाते आणि दुसऱ्या दिवशीही तिकडेच राहते. हे खरे आहे, आणि याचसाठी १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने प्रत्येक दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद राहायला लावले होते. सगळेच बंद असले की कोणाचे गिऱ्हाईक कोणी पळवत नाही. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकाने वर्षभर रोज उघडी ठेवायला मुभा दिली, कामगाराची साप्ताहिक सुट्टी राखली आणि दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना त्या तरतुदींतून वगळले. स्वातंत्र्य म्हणून हे चांगले दिसते. एकट्या दुकानदाराकडून मात्र त्याने ‘कायदाच आहे, काय करणार’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याची सोय काढून घेतली. कायद्याने सोडलेली जागा आता समाजानेच भरायची आहे, आणि ते अशक्य नाही, याचा दाखला मुंबईचे डबेवाले देतात. महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले तेही १८९० सालीच, गिरण्यांना रविवार मिळाला त्याच वर्षी. डबेवाले कोणाचे नोकर नाहीत. ते आपापल्या गटात भागीदार आहेत, बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडचे आणि वारकरी. दर वर्षी चैत्रात गावच्या जत्रेसाठी ते सगळे मिळून काही दिवस डबे बंद ठेवतात. शहरातले कोणतेही काम डब्याइतके रोजचे नाही, तरी ते थांबते आणि शहर सोसते. आपापला डबा आपण नेते, नाहीतर बाहेर जेवते. त्या दिवसांचे पैसे कापू नका, अशी विनंती डबेवाल्यांनी गिऱ्हाइकांना केलेली आहे. महिन्याचे पूर्ण पैसे देणारे गिऱ्हाईक त्या जत्रेच्या नेमात आपला वाटा उचलते. रात्री अकराला दुकानदाराला फोन लावून ‘उघडताय का’ म्हणणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाकडून तेवढ्याच वाट्याची अपेक्षा आहे.