हात धुवून मागे लागलेली भीती

माझ्या भाचीला उलटीची भीती वाटते. किळस नव्हे, किळस कुणाला नसते? भीती. लग्नाच्या पंगतीत ती दह्यातल्या कोशिंबिरीला हात लावत नाही. कोकणात जायचं तर घाट टाळून रेल्वेने जाते. एसटीत शेजारच्या पोराच्या आईने प्लास्टिकची पिशवी उघडली की ही पुढच्या थांब्यावर उतरायच्या तयारीला लागते. वैद्यकात याला इमेटोफोबिया म्हणतात. ही भीती असलेल्या पुष्कळांना वर्षानुवर्षं उलटी झालेलीच नसते. हिलाही शेवटची झाली ती शाळेत असताना.

तिचा मुलगा बालवाडीत आहे. डिसेंबरअखेर बालवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, काही मुलांना उलट्या-जुलाब होताहेत, पालकांनी काळजी घ्यावी. त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे, त्यामुळे नात्यातले लोक आपापली भांडणं माझ्याकडे घेऊन येतात. हिचं भांडण दोन डॉक्टरांमधलं होतं.

"मावशी, मुलांचे डॉक्टर म्हणतात, साबणाने हात धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका. माझ्या मानसोपचाराच्या बाई म्हणतात, हात धुणं कमी करा. दोघंही शिकलेले. मी कुणाचं ऐकू?"

"दोघांचंही. डॉक्टर सावधपणाबद्दल बोलताहेत, बाई भीतीबद्दल."

"पण नळ एकच आहे ना! त्याच्याखाली हात धरले की ते सावधपण की भीती, हे ठरवणार कोण? मला तरी कळत नाही."

"सावधपणाला शेवट असतो. 20 सेकंद साबण, मग टॉवेल, संपलं. भीतीला टॉवेलचीही शंका येते."

ती हसली. भीतीने तिला अर्धी डॉक्टर केलेली आहे, हे मी विसरायला नको होतं. नोरोव्हायरसची कुंडली तिने तोंडपाठ म्हणून दाखवली. 1968 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली, त्यावरून हे नाव. मोजके कण पोटात गेले तरी पुरतात. लागण झाल्यापासून 12 ते 48 तासांत लक्षणं, 1 ते 3 दिवसांत माणूस बरा, पण बरा झाल्यावरही दोन-दोन आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही, साबण-पाण्याने धुऊनच काढावा लागतो. रोटाव्हायरसची लस बाळाला देता येते, याची अजून नाही.

"आता सांग," ती म्हणाली, "20 सेकंदांनी धोका कमी होतो की संपतो?"

"कमी होतो."

"मग तू 20 वर थांबतेस ते शहाणपणामुळे नाही. उरलेला धोका तुला परवडतो म्हणून. तुझ्या लेखी उलटी म्हणजे एक वाईट रात्र आणि दुसऱ्या दिवशी मऊभात. माझ्या लेखी तसं नाही. ज्याच्या खिशात हजार रुपये आहेत त्याने दहा रुपये हरवले तर शोधू नयेत, हे ठीक. ज्याच्याकडे दहाच आहेत त्याला तू हाच सल्ला देशील?"

"त्याने शोधावेत. पण दिवसभर शोधत बसला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. किती शोधायचं हे हरवलेल्या रकमेवरून ठरव, घाबरलेल्या मनावरून नको."

"म्हणजे पुन्हा तेच. रक्कम किती हे तूच ठरवणार."

इथे आमची गाडी रुतली ती बराच वेळ निघेना. उलटीने काही होत नाही, असं मी वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. शरीर स्वतःच्या भल्यासाठी ते करतं. उंदराला उलटी करता येत नाही, हे त्याला घातलेलं विष लागू पडण्याचं एक कारण. मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी एक इवलासा भाग आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा मुद्दाम विरळ राहिला आहे, तो रक्तातलं विष हुंगत बसलेला असतो. हा पहारेकरी आहे, शत्रू नव्हे.

"हे सगळं मला पटतं," ती म्हणाली. "पटल्याने भीती जात असती तर मी कधीच बरी झाले असते. आणि काही होत नाही हे आमच्या धायरीत येऊन सांगू नकोस. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची, त्या नसांच्या लकव्याची, साथ आली, माणसं व्हेंटिलेटरवर गेली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, नोरोव्हायरससुद्धा सापडला. आधी पोट बिघडायचं, मग पायातली शक्ती जायची. झालं ना काहीतरी?"

मला वाटलं, सापडलं. "तेव्हा तुला भीती कशाची वाटली? लकव्याची?"

ती थोडा वेळ बोलली नाही. "नाही. खरं सांगते, नाही. शेजारचे लोक पाय गेले तर काय करायचं म्हणत होते, आणि मी मनात म्हणत होते, आधी उलट्या होतात का? फक्त जुलाब झाले तर चालेल. लकव्यालासुद्धा मी मनातल्या मनात चालेल म्हटलं, मावशी."

हे ती स्वतःहून बोलली नसती तर मला तिच्या भीतीचं माप कधी कळलं नसतं. आपण भीतीला धोक्याचा अंदाज समजतो आणि अंदाज चुकला म्हणून दुरुस्त करायला जातो. हिचा अंदाज चुकलेलाच नव्हता. धोक्याचा आणि तिच्या भीतीचा संबंधच नव्हता.

"मग उलटीत नेमकं काय आहे?" मी विचारलं. "दुखतं? लाज वाटते?"

"एकटी असले तरी वाटते, म्हणजे लाज नाही. दुखण्याचं म्हणशील तर बाळंतपण सोसलं मी. तिथेही आधीचे महिने मळमळीचे असतात म्हणून मूलच नको म्हणत होते, ते वेगळं. त्या क्षणी शरीर मला विचारत नाही, हे आहे. मी नको म्हणत असते आणि ते करतं. तेवढा वेळ मी कुणीच नसते."

"शिंकेलाही तू कुणी नसतेस. झोपेत तर रात्रभर नसतेस. वाग्भटाने अष्टांगहृदयात 13 वेग सांगितले आहेत, जे अडवू नयेत. त्यात शिंक, जांभई, झोप, अश्रू आहेत आणि त्यांच्याच रांगेत उलटी आहे. त्याने तिला वेगळं आसन दिलं नाही. आपल्याकडे तर वसंत ऋतूत वैद्याकडे पैसे भरून वमन करवून घेतात, गेळफळाचं औषध घेऊन."

"तारीख ठरवून जातात ना? वैद्य शेजारी बसलेला असतो, पाठीवरून हात फिरवायला माणूस असतो, आणि झाल्यावर बरं वाटणार असं आधी सांगितलेलं असतं. त्या उलटीला मी घाबरत नाही. बहुतेक." तिने जरा विचार केला. "घाबरते, पण कमी. मला न विचारता येणारीची धास्ती आहे. आणि एक सांगू? हेच वाक्य मी मृत्यूबद्दल बोलले असते तर तू मला तत्त्वज्ञ म्हणाली असतीस. न विचारता येतो, आपल्याला पुसून टाकतो, कितीही काळजी घेतली तरी नक्की काही नाही. मृत्यूला घाबरणाऱ्याची पुस्तकं होतात, उलटीला घाबरणाऱ्याची थट्टा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मृत्यू मोठा आणि उलटी छोटी, हे म्हणणं सोपं आहे, पण घाबरलेल्या माणसाच्या छातीत धडधड मोठ्या-छोट्याचा भेद करत नाही. एवढं मात्र मी म्हणाले की मृत्यूला घाबरणारा शहाणा माणूस दिवसातून पन्नास वेळा नाडी बघत नाही.

"कारण नाडी बघून मृत्यू टळत नाही. हात धुऊन उलटी टळते. कधी कधी. तो कधी कधीच मला सोडत नाही."

"तुझ्या बाई काय म्हणतात?"

"त्या म्हणतात, खात्री मागणं सोडायचं. पायरीपायरीने नेतात. आधी कागदावर तो शब्द लिहायचा, मग चित्र, मग आवाज, मग व्हिडिओ. पोटात जरा ढवळलं की मी लक्ष देते, लक्ष दिलं की जास्त ढवळतं. घाबरल्यानेच मळमळतं हे मला त्यांनी दाखवून दिलं. आता आवाजापर्यंत आले आहे. पण हे सगळं उन्हाळ्यात ठीक होतं. साथ आली की वाटतं, आत्ता नको, साथ गेल्यावर पुढची पायरी."

"आणि साथ गेल्यावर वाटत असेल, आता गरज काय?"

"तू बाईंशी बोललीस का?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मला आपण काहीतरी कामाचं बोललो असं वाटलं.

मग तिने ज्यासाठी ती आली होती ते काढलं. हात धुणं हे निमित्त होतं.

"त्याला झाली तर? मला नव्हे, पोराला. मी पळेन. मला माहीत आहे, मी पळेन. मागच्या वेळी नुसती खोकल्याची उबळ आली तर मी बाल्कनीत गेले आणि दार लावून घेतलं."

"तेव्हा दात-ओठ आवळून जवळ बसायचं," मी म्हणाले. "आई आहेस तू."

"त्याचा बाबा बाल्कनीत गेला असता तर तू त्याला असं म्हणाली असतीस? म्हणाली असतीस, असू दे, पुरुषांना जमत नाही. त्याच्या बाबाला उत्तम जमतं. तो भांडं धरतो, तोंड पुसतो, फिनेल नको ब्लीचनेच पुसायचं हेही त्याला मीच शिकवलं आहे. मग बसणारीच्या जागी मीच का?"

"कारण तो रात्रपाळीला असेल तेव्हा कोण?"

"तो प्रश्न खरा. 'आई आहेस तू' हा खोटा." ती म्हणाली. "आणि दात-ओठ आवळून बसले तर पोराला माझं तोंड दिसेल. त्या वयात मुलं उलटीपेक्षा आईच्या तोंडाला घाबरतात. मला ही भीती कुणी दिली असेल असं वाटतं तुला?"

तिची आई म्हणजे माझी बहीण. यावर मी पुढे गेले नाही.

मी तिला 1971 ची गोष्ट सांगितली. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. शेजारी उलट्या चालू आहेत, जमीन ओली आहे, आणि ज्यांनी कधी कुणाची शुश्रूषा केली नव्हती ती माणसं पेले भरून देताहेत. छावणीत 30 टक्क्यांच्या घरात असलेला मृत्यूंचा आकडा त्यांच्या विभागात 3.6 टक्क्यांवर आला. "त्यातल्या एकालाही तुझ्यासारखी भीती नसेल असं वाटतं तुला? भीती जाईपर्यंत कुणी थांबलं नाही."

"मरण समोर होतं, मावशी. मरण समोर असलं की भीतीला बाजूला व्हावं लागतं. माझ्या घरात मरण नाही, दुसऱ्या दिवशी पोर उड्या मारणार आहे. म्हणून तर माझ्या भीतीला कुणी हलवत नाही. तुझी गोष्ट चांगली आहे, पण ती मोठ्या संकटाची आहे. मला लहान संकटाची सांग."

लहान संकटाची गोष्ट माझ्याकडे नव्हती. आम्ही चहा केला, आणि मग फारसं न बोलता एक यादी केली, कारण वाद अडला की बायका यादी करतात. संडासानंतर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, पोर बालवाडीतून आल्यावर आणि घाण पुसल्यावर हात धुवायचे. साबण, 20 सेकंद, एकदा. या पाच वेळांखेरीज नळाकडे जावंसं वाटलं तर ती भीती, असं धरायचं आणि जायचं नाही. यादी मुलांच्या डॉक्टरांना चालेल आणि बाईंनाही. पोराला उलटी झाली तर भांडं बाबा धरेल. तो नसेल तर पोराला मोरीत कुशीवर झोपवून ती दारात उभी राहील, बाल्कनीत नाही, आणि तिथून बोलत राहील. दहा मिनिटं थांबून ओआरएस चमच्या-चमच्याने पाजायचं काम तिचं. ते तिला जमेल असं तीच म्हणाली.

"दारात उभं राहणं म्हणजे जवळ बसणं नव्हे," मी म्हणाले.

"नव्हेच. पण बाल्कनीपेक्षा तीन पावलं पुढे आहे. बाईंच्या हिशेबात ती एक पायरी."

मी अजूनही म्हणेन की जवळ बसायला हवं. ती अजूनही म्हणते की हे मी तिच्या नवऱ्याला कधी म्हणाले नसते, आणि ते खरं आहे. तिची थेरपी चालू आहे, व्हिडिओची पायरी तिने साथीतच सुरू केली. तुमच्या घरात कुणी या भीतीपायी प्रवास, पंगत किंवा मूल टाळत असेल तर त्याला "त्यात काय एवढं" म्हणू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. पायरीपायरीच्या उपचाराने पुष्कळांना फरक पडतो. जवळ कुणी तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे, फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.