सांभाळ आणि स्वामित्व

डोंबिवलीसारख्या शहरांत बदली, आजारपण किंवा अपुरी जागा यांमुळें पाळलेला प्राणी कांहीं दिवस दुसऱ्याच्या घरीं ठेवण्याची, आणि पुढें त्याला कायमचें घर शोधण्याची वेळ पुष्कळांवर येते. समजा, ती जर्बिलांची जोडी आहे. उंदराच्या कुळांतला हा मूठभर जीव मंगोलिया व उत्तर चीन येथील रुक्ष माळांचा. १८६६ सालीं आर्मां दाविद या फ्रेंच पाद्र्यानें त्याचे नमुने पॅरिसला धाडले, आणि पुढें तो माणसाच्या घरांत आला. अशी जोडी सांभाळणाऱ्याचा तिच्यावर हक्क किती?

शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत कण्व कन्येला परक्याची ठेव म्हणतो. ठेव मोडूं नये, मागितली कीं परत द्यावी, हा धर्म सर्वांस ठाऊक आहे. परंतु जिवंत ठेवीला तो पुरा पडत नाहीं. दोन बांगड्या दोन सुनांस वांटून दिल्या, तरी सोनें उणें होत नाहीं. जर्बिलांचें तसें नव्हे. ते कुटुंब करून बिळांत राहणारे. एकमेकांस वासानें ओळखतात. कांहीं दिवस ताटातूट झाली, तर ती ओळख पुसते, आणि पुन्हां एकत्र सोडलेले सोबती वैऱ्यांसारखे एकमेकांच्या अंगावर धांवून जाण्याचा संभव असतो. म्हणून दोन घरचीं मुलें खूष व्हावींत या सदिच्छेनें जोडी फोडणें, ही आमच्या मतें भूतदया नव्हे. परस्परांची सोबत एवढीच त्यांची मालमत्ता. तीच आपण वांटून टाकतों.

दुसरी भ्रांति याहून सोज्वळ दिसते : पिंजऱ्यांतला जीव मोकळा सोडणें हें पुण्य. परंतु कोरड्या प्रदेशांतल्या या प्राण्याला डोंबिवलीच्या आषाढांत मांजर-कावळ्यांच्या वाटेवर सोडणें म्हणजे त्याला मरणाच्या हवालीं करणें होय. उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्याला सबळ कारणावांचून टाकून देणें, हें १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानेंही गुन्हा ठरविलें आहे.

मग सांभाळणाऱ्यानें करावें काय? लळा लागला म्हणून ठेवून घेणें, किंवा लळा नको म्हणून पहिल्या मागणाऱ्याच्या हातीं देणें, या दोहोंत विचार आपलाच होतो. घेणाऱ्याला त्यांची कुरतडण्याची खोड, त्यांचें तीन-चार वर्षांचें आयुष्य आणि रोजची देखभाल हें सारें स्पष्ट सांगावें. त्याच्या घरीं मांजर आहे काय, तें विचारावें. आणि भिडेखातर होकार मात्र देऊं नये. लळा लावून, योग्य घर मिळतांच जोडी अभंग सोंपविणें, यांतच सांभाळणाऱ्याचें कर्तव्य आहे.