हात कुठे असावा?

जुन्या रेसिंग सायकलचे शिफ्टर बदलावेत का? प्रश्न स्क्रू आणि केबलचा वाटतो, पण त्यावर विचार करू लागलो की तो सायकलपुरता राहत नाही.

माझ्याकडची पोलादी सायकल मामाची, ऐंशीच्या दशकातली. तिचे गिअर बदलायचे दोन लिव्हर हँडलवर नाहीत. ते हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीवर आहेत. गिअर बदलायचा तर एक हात सोडून खाली न्यायचा. लिव्हरला ठरावीक खटकेही नाहीत. थोडं ओढायचं, चेनचा आवाज ऐकायचा, किंचित मागे सोडायचं. कुरकुर थांबली की गिअर बसला.

मित्र म्हणतात, हात लावू नकोस, ती मूळ आहे तशीच ठेव. पण 'मूळ' म्हणजे कधीचं? टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती 1937 साली. त्याआधी चढ आला की शर्यतवीर खाली उतरून मागचं चाक काढत आणि उलटं बसवत, कारण चाकाच्या दुसऱ्या बाजूला मोठी चक्री असे. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांचा डिरेलरला कित्येक वर्षं विरोध होता. त्यांच्या लेखी सायकलस्वाराला कसाला लावायचं तर ही सोय नकोच. म्हणजे मामाचे हे 'अस्सल' लिव्हर एकेकाळी ज्याला नावं ठेवली गेली, त्याच सोयीचा भाग आहेत. पुढे 1984 मध्ये शिमानोच्या ड्युरा-एसमध्ये खटके आले. 1990 मध्ये त्याच मालिकेत शिफ्टर थेट ब्रेकच्या लिव्हरमध्ये शिरला. आपण 'अस्सल' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या आवडीचं एक साल गोठवत असतो.

तरी मित्रांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. जुना लिव्हर स्क्रूड्रायव्हरनं उघडता येतो. मागे सहा चक्र्या असोत की सात, त्याला फरक पडत नाही, कारण अंतर मोजायचं काम माझी बोटं आणि कान करतात. नव्या शिफ्टरमध्ये ते अंतर कारखान्यात ठरलेलं असतं. आतल्या बारीक स्प्रिंगा आणि दाते बिघडले, तर अनेकदा अख्खा शिफ्टरच बदलावा लागतो. सोय घेताना माझ्या बोटांतलं ज्ञान मी दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करतो. मोबाइलच्या नकाशावर गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग काय करावं? मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: ही सोय माझं लक्ष कुठून काढते आणि कुठे नेते? कात्रजच्या जुन्या घाटात वळणावर समोरून एसटी येते, तेव्हा माझा उजवा हात नळीवर चाचपडत असणं ही काही साधना नव्हे. तो ब्रेकवर हवा. तिथे माझं लक्ष ही रस्त्यावरच्या इतरांचीही गरज आहे. कडेनं चालत जाणाऱ्या माणसाला माझ्या अस्सलपणाची किंमत मोजायला लावण्याचा मला हक्क नाही.

म्हणून मी शिफ्टर बदलतोय, पण दोन अटींवर. पहिली, फ्रेमला कायमची इजा नको. तिच्या मागच्या चाकाची जागा 126 मिलिमीटर आहे, आठ गिअरच्या रोड सायकलच्या चाकाला 130 लागतात. पोलाद ताणून ती वाढवता येते, पण मी सातावरच थांबणार. सात गिअरचे ब्रेकमधले शिफ्टर मिळतात. जुने लिव्हर जिथे बसतात, तिथेच केबलचे स्टॉपर बसतात. मागचा डिरेलर मात्र बदलावा लागेल. काढलेलं सगळं डब्यात जपून ठेवायचं. उद्या ही सायकल ज्याच्याकडे जाईल, त्याला माझा निर्णय फिरवता आला पाहिजे.

दुसरी अट, केबलचा ताण लावायला मी स्वतः शिकायचं. नवी केबल सैल पडते, खटका 'टक्' करतो आणि चेन मात्र हलत नाही. अशा वेळी डिरेलरजवळची केबलची छोटी फिरकी अर्धा फेरा फिरवायची, पुन्हा ऐकायचं, पुन्हा फिरवायची. म्हणजे कान अजून लागतोच. फक्त ते काम आता घाटात करायचं नाही, घरी निवांत, सायकल उभी करून करायचं.